अंडे बंद, ऑलिम्पिक चालू

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'देशात 80 कोटी लोकांना मोफत धान्य द्यावे लागते, मग सरकारने खेळांवर पैसा का उधळावा?' असा सवाल करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. एकतीस वर्षे मी शाळेत शिट्टी फुंकली, मैदानावर फक्की मारली, तालुक्याच्या स्पर्धांना पोरे एसटीत कोंबून नेली. त्यामुळे असे काही वाचले की मला आधी रागच येतो. या वेळी मात्र तो पुरता येईना. पत्रलेखकांचा रोख अहमदाबादला 2030 साली होणाऱ्या राष्ट्रकुल स्पर्धा आणि 2036च्या ऑलिम्पिकसाठी चाललेली खटपट यांच्यावर आहे, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांनी त्याच दमात 'खेळ ही भरल्या पोटाची चैन' असेही लिहून टाकले आहे. ते मला मान्य नाही.

भरल्या पोटाची चैन? पत्रलेखकांनी एकदा पहाटे पाचला आमच्या भागातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर यावे. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरची वेळ लावत पळणारी पोरे दिसतील, आठशे मीटरवाल्या पोरी दिसतील. त्यांच्यात डॉक्टर-वकिलाचे लेकरू शोधून सापडायचे नाही. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा ठेवून खो-खो, कबड्डी खेळणारी मुलेही याच घरांतली. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या पोराला शिकवणीची फी परवडत नाही. पळायला तेवढे पैसे पडत नाहीत.

आपल्याच दोन पदकांची गोष्ट घ्या. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला निघाले तेव्हा गावोगाव वर्गणी जमवावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षे लागली. ते आणले राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, 2024मध्ये पॅरिसला, नेमबाजीत. तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि नोकरी दिली रेल्वेने. म्हणजे पैसा सरकारचाच. कुणाला घर गहाण टाकावे लागू नये, एवढ्यासाठी सरकारने खेळावर खर्च करायचा असतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेही सैन्यात गेला, तिथे स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत शिकला आणि आशियाई सुवर्णपदकापर्यंत पोहोचला. सैन्याचे मैदान आणि तिथला आहार हाही जनतेचाच पैसा, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

आता दुसऱ्या खर्चाकडे वळतो. दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 2003मध्ये बोली लावली तेव्हाचा अंदाज 1,200 कोटींच्या घरात होता. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2011च्या अहवालात एकूण अंदाजपत्रकाचा आकडा दिला तो 18,532 कोटींचा. स्टेडियममध्ये मैदानावर तरंगत ठेवलेला हेलियमचा फुगाच चाळीसेक कोटींचा होता. उद्घाटनाला दोन आठवडे उरले असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले, तो शेवटी लष्कराला बोलावून उभारून घ्यावा लागला. हे सगळे लोकांना आठवते. मला त्याहून जास्त डाचते ते वेगळेच. दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या निधीतले सुमारे सातशे कोटी या स्पर्धांच्या कामांकडे वळवले. ते चूक असल्याचे तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी ऑगस्ट 2010मध्ये राज्यसभेत मान्य केले. गरिबाच्या ताटातले काढून फुगा उडवणे म्हणतात ते हेच.

त्याच स्पर्धेत आमच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेतले, हे कुणीतरी मला ऐकवेलच. घेतले खरे, आणि मी त्या दिवशी टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो होतो. पण पाण्यासाठी अनवाणी डोंगर चढणाऱ्या त्या आदिवासी पोरीला घडवले ते नाशिकच्या मैदानाने आणि तिथल्या प्रशिक्षकाने. दिल्लीतल्या त्या फुग्याने नव्हे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2026च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद घेतले होते. खर्चाचा अंदाज 2.6 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवरून सहा-सात अब्जांवर चालला हे दिसताच त्यांनी 2023मध्ये हात वर केले. भरपाईपोटी 38 कोटी डॉलर मोजले, पण स्पर्धा नकोच म्हणाले. त्याआधी 2022च्या स्पर्धाही दक्षिण आफ्रिकेच्या डर्बनकडून काढून घ्याव्या लागल्या होत्या, कारण पैशाची तजवीज होईना. श्रीमंतांना जे ओझे झेपले नाही ते आपण वाजतगाजत डोक्यावर घेतले आहे. यजमानपद मिळाले तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी खर्चाचा कागद पाहिला असेल?

'स्पर्धेच्या निमित्ताने सुविधा तर उभ्या राहतात' हा युक्तिवाद मी नोकरीभर ऐकला. सुविधा उभ्या राहतात, त्यानंतर कुलूप लागते. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात इनडोअर हॉल आहे, पण बॅडमिंटनच्या जाळ्यापेक्षा कोळ्याची जाळी जास्त. धावपट्टीवर गवत. मार्गदर्शकाचे पद रिकामे, चौकीदाराला पगार वेळेवर नाही. चावी कुणाकडे हे विचारायला मी दोन कार्यालये फिरलो आणि तिसऱ्याचा पत्ता घेऊन परत आलो. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून तर एका कंत्राटी कर्मचाऱ्याने 21 कोटींहून जास्त रक्कम परस्पर वळती केल्याचा गुन्हा 2024च्या अखेरीस दाखल झाला. त्याचा पगार तेरा हजार होता म्हणतात. इतकी रक्कम खात्यातून जाईपर्यंत कुणाला पत्ता नाही, याचा अर्थ ती कुणी खेळासाठी वापरायलाही मागत नव्हते.

शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवे असे सांगितले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक हवा, असेही सांगितले आहे. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी कुणी आले नाही. पीटीचा तास आता गणिताचे सर घेतात, म्हणजे गणित घेतात.

आणि खुराक. आमच्या पोरी आठशे मीटरला उतरायच्या तेव्हा शेवटच्या दोनशेत गळायच्या. एकीला विचारले, सकाळी काय खाल्लेस? चहा आणि बटर, म्हणाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, ती अशाच घरांतली. तरी शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले तेव्हा बरे वाटले होते. जानेवारी 2025मध्ये राज्य सरकारने त्या अंड्याचे पैसे बंद केले. वाचले किती, तर वर्षाला सुमारे 50 कोटी. अंडे द्यायचेच असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे कळवले.

पत्रलेखकांना माझे एवढेच सांगणे आहे की, खेळाचा पैसा बंद करा म्हणू नका. तो अहमदाबादहून काढून शाळेच्या मैदानावर आणा म्हणा, मी तुमच्या पत्राखाली सही करतो. 2036चे ऑलिम्पिक झालेच, तर त्यात पळणारी पोरे आज शाळेत आहेत.

आमच्या गावच्या शाळेने अंड्यांसाठी वर्गणीची वही केली आहे. गेल्या सोमवारी दोन मुले ती घेऊन घरी आली होती. वर तीन नावे होती, चौथे मी लिहिले, 501 रुपये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा