बरोबर उत्तरावर लाल फुली का?

विषय : सहावी मराठी माध्यम, अपूर्णांकांचे पाठ, तुमच्या ॲपच्या उत्तर तपासणीतला दोष

तुमच्या ग्राहक सेवेला केलेला चौथा फोनही आज वाया गेला, म्हणून आता लेखी.

'भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज' या पाच मिनिटांच्या पाठात तुमच्या शिक्षिका फळ्यावर १/२ + १/३ = ५/६ असं देवनागरी अंकांत लिहितात. लगेच तीन प्रश्न येतात. मुलं मराठी कळफलकावरून, पाठात पाहिलं तसंच, देवनागरी अंकांत अचूक उत्तर लिहितात आणि लाल फुली पडते. तेच उत्तर इंग्रजी अंकांत लिहिलं की हिरवी खूण. दोन फुल्या पडल्या की ॲप मुलाला थेट 'अपूर्णांक म्हणजे काय' या चौथीच्या पाठावर पाठवतं. घणसोलीतल्या आमच्या मोफत अभ्यासिकेत मराठी कळफलक असलेल्या प्रत्येक टॅबवर हे घडतं.

कारण उघड आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 यांचे क्रमांक वेगळे आहेत आणि तुमचं ॲप उत्तराची किंमत न बघता अक्षराला अक्षर जुळवतं. म्हणूनच १/४ + १/४ ला १/२ ऐवजी २/४ लिहिलं तरी फुली येते. 'संक्षिप्त रूप द्या' असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नाही. तिरकस गुणाकार करून पाहिला असता तर २ × २ = ४ × १ हे ॲपलाही कळलं असतं.

छोट्या पाठाचा सगळा जीव त्या तीन प्रश्नांत असतो. वर्गात शिक्षक वही बघून ओळखतो की मूल कुठे अडलं. इथे ते काम प्रश्नांनी करायचं. १/२ + १/३ = २/५ लिहिणारं मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं. त्याला कागदाच्या पट्ट्या दाखवून विचारायला हवं, की २/५ अर्ध्याहूनही कमी आहे, मग अर्ध्यात भर घालून बेरीज घटली कशी? तुमचं ॲप या मुलाला आणि देवनागरीत ५/६ लिहिणाऱ्या मुलाला एकाच रांगेत बसवतं. दोघांना तोच पाठ, तीच फुली. बरोबर उत्तर लिहिणारं मूल दुसऱ्यांदा स्वतःचं गणित खोडतं, हे आमच्या डोळ्यांसमोर होतं.

आणि आजचा फोन. अकरा मिनिटं थांबवून तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "ॲप काढून परत टाका." हे तीनदा केलंय, असं मी सांगितलं. "मग मुलांचा बेस कच्चा असेल." उत्तर बरोबर आहे, पडद्याचं चित्र तुम्हाला पाठवलंय, असं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, मराठी मीडियमच्या मुलांचं असं होतं. त्यांना इंग्लिश नंबर शिकवा ना." मुलांना इंग्रजी अंक येतात. पाठ मराठी माध्यमाचा म्हणून तुम्ही विकलात, फळ्यावर देवनागरी तुम्ही लिहिलीत, आणि मुलांनी ती लिहिली तर बेस कच्चा? हे वाक्य बोलणाऱ्याने आणि त्याला ते शिकवणाऱ्याने मुलांची माफी मागावी.

तपासणीआधी दहा देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. सममूल्य अपूर्णांक स्वीकारा. चुकीने पडलेल्या फुल्या पुसून मुलांना त्यांच्या पाठावर परत आणा, नुसती दुरुस्ती पुरणार नाही. १५ दिवसांत हे झालं नाही तर २२ टॅबांचं वर्षाचं शुल्क परत हवं. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पडद्यांची चित्रं सोबत जोडली आहेत, चौथ्यांदा.