‘विंडो’मधला डोळा

प्रिय सुहास,

‘विंडो’त ‘विंड’ म्हणजे वारा दिसतो, मग मागे उरलेला ‘ओ’ कुणाचा, असं तू विचारलंस. तो डोळा आहे. मूळ शब्द जुन्या नॉर्सचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेचा, ‘विंदाउगा’: ‘विंदर’ वारा, ‘आउगा’ डोळा. स्कँडिनेव्हियातले लोक ९व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले, त्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला. लेखी इंग्रजीत तो १३व्या शतकात भेटतो. आघात पहिल्या पदावर पडतो, म्हणून झिजतं ते दुसरं. ‘आउगा’तला ‘ग’ मऊ होत ‘व’कडे सरकला आणि शेवटचा स्वर गळून गेला. हा बदल एकट्या ‘विंडो’पुरता नाही, जुना ‘एल्नबोगा’ याच वाटेनं ‘एल्बो’ झाला.

मला जास्त ओढ आहे ती या पाहुण्यानं हुसकावलेल्या शब्दाची. जुन्या इंग्रजीत खिडकीला ‘एआग्थिर्ल’ म्हणत, ‘एआगे’ डोळा आणि ‘थिर्ल’ भोक. म्हणजे डोळा आधीपासून होताच! शब्द गेला, पण ‘थिर्ल’ नाकात टिकला: ‘नोस्थिर्ल’, आजचं ‘नॉस्ट्रिल’. ‘थ्रिल’ही त्याच घरातला, त्याचा जुना अर्थ आरपार भोसकणं. आणि आपला ‘गवाक्ष’? गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. मात्र कल्पना जुळली एवढ्यावरून एका भाषेनं दुसरीकडून उसनं घेतलं असं धरू नकोस.

जोडशब्द फोडताना आजचं स्पेलिंग बाजूला ठेव. आधी सर्वांत जुनं लेखी रूप काढ, मग सख्ख्या भाषांतलं रूप शेजारी मांड, आणि ध्वनिबदल इतर शब्दांतही झालाय का ते तपास. हे टाळलं की ‘ब्राइडग्रूम’मध्ये, म्हणजे नवरदेवात, ‘ग्रूम’ म्हणजे घोड्यांचा मोतद्दार दिसू लागतो. जुनं रूप ‘ब्रिडगुमा’, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. जर्मन ‘ब्रॉय्टिगाम’च्या दुसऱ्या पदातही ‘र’ नाही. ‘गुमा’ लोकांच्या तोंडून गेला, तेव्हा १६व्या शतकात त्याच्या जागी ओळखीचा ‘ग्रूम’ बसवला गेला. कानाला जे पद फार सहज पटतं, त्याचीच मी आधी झडती घेतो.

आता ‘डेझी’ तू फोड. जुनं रूप ‘दॅजेस एआगे’, दिवसाचा डोळा. तिच्या पाकळ्या सकाळी उघडतात, संध्याकाळी मिटतात.

तुझा,
अविनाश