घरात काय बोलता?

वारजे, पुणे
रविवार रात्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परत परत वाचतेय. तिकडे अमेरिकेत जनगणना खात्याच्या फॉर्मवर विचारतात म्हणे: घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येतं. काकूंच्या नावापुढे 'फारसं नाही' अशी खूण करताना तुला गलबलून आलं, हे वाचून मलाही कसंसंच झालं.

आपल्याकडे २०११ ला मातृभाषा विचारली आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती. आज घरात काय बोलता, आलेली भाषा कितपत येते, हे कुणी विचारत नाही. मला मात्र मी मुलांना शिकवते त्या अभ्यासिकेत रोज तेच दिसतं.

परवाचंच सांगते. चौथीतली एक पोर, इंग्रजी माध्यमातली. 'द फार्मर ड्रॉज वॉटर फ्रॉम द वेल', घडाघडा वाचलं. विचारलं, "वेल म्हणजे?" म्हणाली, "छान." आणि ड्रॉज म्हणजे चित्र काढतो! मी 'विहीर' म्हटलं, तरी चेहरा कोराच. तेवढ्यात तिची आई न्यायला आली. बांधकामावरून थेट, हातांना सिमेंट तसंच. घर बंजारा. तिनं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, दोन वाक्यं सांगितली आणि पोर उसळलीच. तांड्यावरची विहीर, पाणी शेंदणारी आजी, एकदा आत पडलेली घागर... थांबेचना. याडीकडे, म्हणजे आईकडे, बघत बोलत होती.

मग आईनं दप्तरातली डायरी काढून दाखवली. शाळेनं लिहिलंय, घरी इंग्रजीतच बोला. मला हळूच म्हणाली, "ताई, मला येत नाही, म्हणून मी हिच्याशी कमीच बोलते."

मंदार, रात्री झोप लागली नाही रे. पोटाला चिमटा काढून फी भरतात ते दोघं. इंग्रजी हवंच म्हणतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आपण मराठी शाळेत शिकलो, पण घरी वर्तमानपत्र यायचं, अडलं की बाबांना विचारायचो. ते नसलेल्या घराला मातृभाषेचे धडे देणारी मी कोण? पण पोरीशी बोलणं थांबवून इंग्रजी कसं येणार? विहीरच ठाऊक नसेल, तर 'वेल' रुजायचं कशात?

आणि आपल्या जनगणनेच्या तक्त्यात बंजारा, लमाणी हे सगळं हिंदीच्या पोटात. या घरात हिंदीचा शब्द नाही. तिला सांगून ठेवलंय, २०२७ च्या मोजणीला माणूस आला की 'गोरमाटी'च लिहायला लाव.

शनिवारी पालकसभा आहे. तिच्याबरोबर मीही जातेय. बाईंना भांडून नाही, नीट समजावून सांगेन. आईनं गोष्टी सांगाव्यात, तिच्या भाषेत, रोज. इंग्रजीचं अभ्यासिकेत मी बघते.

काकूंना नमस्कार सांग. नातवंडांशी त्या कोणत्या भाषेत बोलतात, ते नक्की कळव.

तुझी,
वैशाली