पाककृतीतले ‘शिजेपर्यंत’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागील महिन्यात ओव्हनमध्ये भाजलेल्या भरल्या ढोबळी मिरचीची कृती छापून आली होती. सोबतचे छायाचित्र इतके देखणे होते की घरातली दहा माणसे रात्रीच्या जेवणाला एकत्र जमणार होती तेव्हा मी तोच बेत ठरवला. कृतीत लिहिल्याप्रमाणे मिरच्यांची देठाकडची चकती कापली, आतला बियांचा गड्डा काढला, तांदूळ, कांदा, टोमॅटो आणि मटार यांचे सारण भरले आणि ‘मिरच्या शिजेपर्यंत’ ओव्हनमध्ये ठेवल्या. तासाभराने बाहेर आलेल्या मिरच्या वरून करपल्या होत्या, सारणातला तांदूळ दाताखाली कचकचत होता आणि भांड्याच्या तळाशी बोटभर हिरवट पाणी साचले होते. नातवाने सारणातले मटार तेवढे वेचून खाल्ले आणि मिरची रिकाम्या वाटीसारखी ताटाच्या कडेला ठेवून दिली. मोठ्यांनी मात्र निमूटपणे सगळे संपवले, आणि ते मला अधिक लागले.

हे पत्र कृतीच्या लेखिकेला दोष देण्यासाठी नाही. ज्याचा हात बसलेला असतो त्याला ‘शिजेपर्यंत’ हा शब्द पुरतो, पण छापील कृती ज्याचा हात बसलेला नाही त्याच्यासाठी असते. त्यानंतर पाच-सहा वेळा हाच पदार्थ करून पाहिल्यावर त्या कृतीत काय लिहायचे राहून गेले होते, ते माझ्या ध्यानात आले, म्हणून हा पत्रप्रपंच.

सर्वांत मोठी उणीव तांदळाची. सारणात घालायचा तांदूळ कच्चा की शिजवलेला, याचा कृतीत उल्लेखच नव्हता. ग्रीसमध्ये ‘गेमिस्ता’ नावाने हाच पदार्थ करतात तेव्हा सारणात कच्चा तांदूळ असतो, परंतु त्याच्या जोडीला टोमॅटोचा भरपूर रस आणि ऑलिव्ह तेल असते व भांडे तासाहून अधिक काळ ओव्हनमध्ये राहते. हंगेरीत तर भरलेल्या मिरच्या पातळ टोमॅटो सॉसमध्ये बुडवून मंद आचेवर शिजवतात. म्हणजे कच्चा तांदूळ चालतो, पण त्याला प्यायला पाणी आणि फुगायला जागा द्यावी लागते, कारण शिजताना तो जवळजवळ तिप्पट होतो आणि काठोकाठ भरलेल्या मिरचीत त्याला ती जागा मिळत नाही. त्यातून टोमॅटोच्या आंबटपणामुळे भाज्या मऊ व्हायलाही वेळ लागतो. घरी पाहुणे बसलेले असताना हा जुगार खेळण्यापेक्षा मी आता तांदूळ थोडा बोटचेपा राहील इतपत आधीच शिजवून घेते. ओव्हनमध्ये भाजताना तो सारणातला उरलेला ओलावा शोषून घेतो.

दुसरी गोष्ट मिरचीच्या अंगच्या पाण्याची. ढोबळी मिरचीच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ओव्हनमधली हवा १९० अंश सेल्सियस तापलेली असली, तरी मिरचीच्या गरात पाणी आहे तोवर त्या गराचे तापमान १०० अंशांच्या पलीकडे जात नाही. शिवाय तव्यावरची उष्णता पदार्थाला थेट भिडते तशी हवेतली उष्णता भिडत नाही. त्यामुळे जाड गराची, गार सारणाने भरलेली उभी मिरची आतपर्यंत तापायला फार वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात वरचा थर वाळून जातो. यावर उपाय अगदी साधा आहे: पोखरलेल्या मिरच्या उकळत्या मिठाच्या पाण्यात ३ मिनिटे सोडायच्या, चाळणीत पालथ्या घालून पूर्ण निथळू द्यायच्या, मग भरायच्या आणि सारणही गरम असतानाच भरायचे. पाण्यात सोडायचे नसेल तर मिरच्या उभ्या चिरून, चिरलेली बाजू खाली ठेवून १५ मिनिटे नुसत्याच भाजाव्यात. माझे मत विचाराल तर दहा माणसांच्या जेवणाला हे अर्धेच बरे, कारण ते उभे राहण्याचा हट्ट धरत नाहीत आणि वाढायलाही सोपे जातात. छायाचित्रासाठी अर्थातच अख्ख्या मिरच्या अधिक शोभतात.

तिसरी उणीव झाकणाची. भांड्यावर फॉइल घट्ट बसवायची की नाही, यावर या पदार्थाचे निम्मे यश अवलंबून असते. अख्ख्या, आधी उकळलेल्या मिरच्यांसाठी मी भांड्याच्या तळाला अर्धी वाटी पाणी किंवा टोमॅटोचा रस घालते, फॉइलने झाकून १९० अंशांवर ३५ मिनिटे ठेवते, मग फॉइल काढून, वर किसलेले चीज घालून आणखी १० ते १२ मिनिटे भाजते. चीज सुरुवातीलाच घातले तर ते फॉइलला चिकटते किंवा चामड्यासारखे वातड होते. ओव्हनमध्ये पंखा असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवावे लागते, आणि सारण भरून मिरच्या सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवल्या असतील तर झाकलेल्या अवस्थेतला वेळ किमान १० ते १५ मिनिटांनी वाढवावा लागतो. घरगुती ओव्हनची चकती दाखवते ते तापमान आत खरोखर असतेच असे नाही. तेव्हा मिनिटांबरोबर एक खूणही छापली पाहिजे: सुरीचे टोक मिरचीच्या बुडाशी विनासायास शिरले आणि सारणाच्या मध्यात घालून काढलेले सुरीचे पाते बोटाला चांगले गरम लागले की झाले. सारणात खिमा असेल तर मात्र अशा खुणेवर विसंबू नये. खिम्याचा मध्य ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे आणि ते छोट्या थर्मामीटरनेच कळते.

मिरचीच्या रंगाविषयी कृतीत ‘सजावटीसाठी तिन्ही रंग घ्या’ एवढेच लिहिले होते. रंगाचा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. हिरवी मिरची ही न पिकलेली असते आणि पिकून लाल झालेली मिरची तिच्यापेक्षा बरीच गोड लागते, त्यामुळे दोन्हींत सारण एकच भरले तरी चव एकसारखी येत नाही. हिरव्यांना किंचित कडवटपणा असतो, तो लहान मुलांना रुचत नाही. शिवाय उष्णता आणि टोमॅटोची आंबटाई लागली की तिचा हिरवा रंग टिकत नाही, मळकट होतो. याच ओघात सांगते, तीन उंचवट्यांची मिरची नर आणि चार उंचवट्यांची मादी अशी जी माहिती फोनवरून फिरत असते ती निव्वळ थाप आहे. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, फळाला लिंग नसते. चार उंचवट्यांची मिरची निवडावी ती केवळ भांड्यात नीट उभी राहते म्हणून.

मीठ आणि मापाविषयीही एकेक ओळ हवी होती. मिरचीच्या गराला स्वतःचे मीठ नसते, म्हणून सारण नुसते चाखताना किंचित खारट लागले पाहिजे. आणि ‘सारण आवश्यकतेनुसार’ हे माप नव्हे. एका पोखरलेल्या मिरचीत पाणी ओतून ते वाटीने मोजले की किती सारण लागेल ते लगेच कळते. एवढे सांगायला अर्धी ओळ पुरते.

गेल्या आठवड्यात तीच दहा माणसे पुन्हा जेवायला होती. मिरच्या ओव्हनमधून काढून १० मिनिटे तशाच राहू दिल्या, त्यामुळे सारण आवळून बसले आणि वाढताना सांडले नाही. नातवाने लाल मिरची सालीसकट संपवली, हिरवीला मात्र अजूनही हात लावला नाही.

आपल्या पुरवणीतल्या कृती आम्ही कापून जपून ठेवतो, म्हणून विनंती आहे की ओव्हनमधल्या पदार्थाच्या कृतीत तापमान, झाकण, भांडे, प्रमुख जिन्नस कच्चा की शिजवलेला आणि पदार्थ झाल्याची खूण इतके तरी लेखकांकडून मागून घ्यावे. जागेची अडचण असेल तर छायाचित्र दोन बोटे लहान केले तरी आमची तक्रार असणार नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक