निबंध तपासताना कच्ची वही मागा

महोदय,

'माझे ठाणे' हा निबंधाचा विषय मुलांनी एआयला दिला की 'तलावांचे शहर' आणि १८५३ची पहिली रेल्वे हमखास येते; आधी असंख्य वेळा लिहिल्या गेलेल्या मजकुरावरूनच ते पुढचा शब्द ठरवते. तलावपाळीच्या कठड्यावर कोण काय बोलत होते, ते त्याला कुठून कळणार? शिक्षकांनी विषयच अरुंद द्यावा: एक जागा, एक तास. वर्गात १० मिनिटे हाताने टिपणे काढून घ्यावीत: वास, आवाज, कानावर पडलेले वाक्य. पहिला खर्डा एआयविना व्हावा. नंतर शुद्धलेखनापुरते चालेल, पण 'सुधारून दे' म्हटले की बोलीभाषेतले शब्द आधी उडतात. एआय ओळखणाऱ्या साधनांचा निकाल पुरावा मानू नये. स्वतः लिहिणाऱ्या मुलांवरही ती ठपका ठेवतात. त्यापेक्षा वहीतली खाडाखोड पाहावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे