प्राचार्य होणाऱ्या मुलीस पत्र

अंबाजोगाई

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

परभणीच्या महाविद्यालयात प्राचार्यपदासाठी तुझी निवड झाल्याचे घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानाने सांगते आहे. मात्र "निर्णय संस्थाचालकांचेच चालणार असतील, तर ही खुर्ची स्वीकारावी तरी कशाला?" या तुझ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देता येण्याजोगे नव्हते. त्यावर विचार करताना मला अमेरिकेतील एका कॅथलिक विद्यापीठाची धुरा सांभाळलेले धर्मगुरू फादर थिओडोर हेसबर्ग यांची कारकीर्द सारखी आठवते, म्हणून सविस्तर लिहिते.

संन्याशाने शिक्षणसंस्था उभारावी, हे आपल्या मराठवाड्याला नवे नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याला आणि आपल्या गावच्या योगेश्वरी शाळेत शिकवले, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले आणि पुढे नांदेडला पीपल्स कॉलेज उभे केले. हेसबर्ग यांचा देश आणि धर्म वेगळा असला, तरी व्रत याच जातीचे होते. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे जन्मलेला हा मुलगा होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि १९४३ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. युद्धाच्या काळात नौदलात धर्मगुरू म्हणून जाण्याची त्यांची इच्छा होती, परंतु वरिष्ठांनी त्यांना धर्मशास्त्रात डॉक्टरेट करण्यास पाठवले. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या माणसाने ते मानले आणि १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, इंडियाना राज्यातील नॉत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्षपद, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरुपद, त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९८७ पर्यंत सांभाळले.

त्या काळी या विद्यापीठाची ओळख प्रामुख्याने फुटबॉलच्या संघामुळे होती. सुरुवातीच्या एका पत्रकार परिषदेत छायाचित्रकारांनी त्यांना चेंडू हातात घेऊन उभे राहण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी स्वच्छ नकार दिला. पुढील ३५ वर्षांत वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ९७ लाख डॉलरवरून १७ कोटी ६६ लाखांवर गेले, मोठे ग्रंथालय उभे राहिले आणि १९७२ पासून मुलींना पदवी शिक्षणासाठी प्रवेश मिळू लागला. दारिद्र्याचे व्रत असल्यामुळे स्वतःसाठी मात्र त्यांना वेतन नव्हते.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९६७ हे वर्ष. त्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधील लँड ओ लेक्स येथे त्यांनी कॅथलिक शिक्षणक्षेत्रातील जाणत्यांना बोलावले. तेथे तयार झालेल्या निवेदनात असे ठामपणे मांडले गेले की, कॅथलिक विद्यापीठाला अध्यापन आणि संशोधन नीट करायचे असेल, तर बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, मग ती धर्मसत्ता का असेना, त्याला खरी स्वायत्तता हवी. त्याच वर्षी नॉत्र दामचा कारभार धर्मसंघाच्या एकट्याच्या हातातून काढून धर्मगुरू आणि बाहेरचे नागरिक अशा मिश्र विश्वस्त मंडळाकडे सोपवण्यात आला. विचार कर, ज्या संघाने १८४२ मध्ये ही संस्था स्थापन केली, त्या संघाचाच माणूस अध्यक्षपदावर असताना आपल्या संघाचा एकहाती ताबा सोडण्याच्या बाजूने उभा राहतो! संस्थेचे अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जाताना पाहण्याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हे समजून घ्यायलाही थोडा वेळ लागतो.

सरकारपुढेही ते झुकले नाहीत. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचे ते पहिल्यापासून सदस्य होते. १९६४ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर मार्टिन ल्यूथर किंग यांचा हात हातात घेऊन ते उभे राहिले. पुढे आयोगाचे अध्यक्ष असताना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या धोरणावर त्यांनी उघड टीका केली आणि १९७२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

त्यांचे सारेच मला पटते असे नाही. १९६९ च्या विद्यार्थी आंदोलनांच्या काळात, बळजबरी करणाऱ्यांना विचार करण्यास १५ मिनिटे मिळतील आणि नंतर निलंबन होईल, असे पत्र त्यांनी काढले. तरुण मुलांना घड्याळ लावून समज देणे मला, वर्गात आयुष्य घालवलेल्या बाईला, रुचत नाही. मात्र त्या पत्राचा आधार घेऊन सरकारने विद्यापीठांवर कडक कायदे लादण्याची भाषा सुरू होताच, विद्यापीठांचा कारभार विद्यापीठांनाच पाहू द्या, असे त्यांनी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांना लिहून कळवले. स्वतःच्या शिस्तीचाही दुसऱ्या कोणाला गैरवापर करू दिला नाही, याचे मोल मला त्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

मेघना, हे पद तू जरूर घ्यावेस असे मला मनापासून वाटते; परंतु रुजू होण्यापूर्वी अध्यक्षांशी बोलून प्राध्यापकांच्या निवडीत प्राचार्यांचे मत किती मानले जाईल, ग्रंथालयाच्या आणि प्रयोगशाळेच्या निधीवर सही कोणाची असेल, आणि महाविद्यालय विकास समितीच्या बैठका वेळेवर होऊन त्यांची इतिवृत्ते सर्वांना पाहता येतील का, हे विचारून घे. जे ठरेल ते लेखी माग. ते देण्यास त्यांनी टाळाटाळ केली, तर मला त्याच दिवशी कळव. मग होकार द्यायचा की नाही, हे आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई