कूलरच्या खिडकीविषयी मित्रास पत्र

नागपूर,
डिसेंबरचा पहिला रविवार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मुलीच्या लग्नासाठी तुम्ही उभयता पंधरा दिवस पुण्यास जाणार आणि मनीषनगरचे घर बंद राहणार, हे तुझ्या पत्रावरून कळले. लग्नघाईत कड्याकुलपांचा विषय नकोसा वाटेल. तरीही लिहितो, कारण गेल्या पौषात आमच्याकडे झालेली घरफोडी मी तुला फोनवर अर्धीच सांगितली होती.

आम्ही दोन रात्रींसाठी अमरावतीला गेलो होतो. समोरच्या दाराचे ७ लिव्हरचे कुलूप परतल्यावरही जसेच्या तसे होते. चोर मागून, कूलरच्या खिडकीतून आला. कूलर बसवायचा म्हणून आपण खिडकीचे गज कापतो, दिवाळीच्या सुमारास कूलर उतरवून गच्चीवर टाकतो आणि उरलेल्या चौकोनावर प्लायवूडचा तुकडा ठोकून मोकळे होतो. बाहेरचा लोखंडी स्टँड मात्र जागीच राहतो, म्हणजे शिडीची सोय आपणच करून ठेवतो. त्या स्टँडवर चपलेचा एक धुळकट ठसा होता आणि शेजारी चार खिळे ओळीने मांडलेले होते. एकही वाकलेला नव्हता, हे मला चांदीची भांडी गेल्यापेक्षा अधिक झोंबले.

तेव्हा स्टँड आत घे आणि त्या चौकोनाला आतून नट आवळता येतील अशी लोखंडी जाळी बसव. पुढच्या दाराचेही तसेच आहे. कुलूप क्वचितच तुटते, उचकटला जातो तो कोयंडा. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची वर्दी देते, म्हणून दारातच बसणारे लॅच लावलेले बरे.

उन्हाळ्यात निम्मी गल्ली रात्री गच्चीवर किंवा अंगणात असते, त्यामुळे कोणाची तरी नजर असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा थंडीत खिडक्या लावून, कानावर रजई ओढून झोपलेल्या शेजाऱ्याला काय ऐकू येणार? त्यातच सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सहा-साडेसहालाच अंधारलेले घर उठून दिसते. रात्रंदिवस जळणारा दिवा तर त्याहून वाईट; टायमर लाव. दूध आणि वर्तमानपत्र बंद करायला विसरू नकोस. शेजाऱ्यांकडे तुझा नंबर असू दे, आणि वेळ पडली तर आधी ११२ फिरवा, असे त्यांना सांगून ठेव. पोलीस ठाण्यातही कळव, पण विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत केवळ गस्तीवर विसंबू नकोस.

वहिनींचे उरलेले दागिने लॉकरमध्ये ठेवा. मात्र १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तिथे चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते, म्हणून यादी, छायाचित्रे आणि पावत्या वेगळ्या जपा.

तुझ्या मागच्या खिडकीची लांबी-रुंदी उद्याच कळव. जाळी माझ्या ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतो आणि शनिवारी पाना घेऊन येतो. स्टँड एकट्याने उचलू नकोस, तुझी कंबर मला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार, चिरंजीव कन्येस आशीर्वाद.

तुझा,
जुना शेजारी